संत तेरेजा आणि तिच्या शेजारणी



ऑक्टोबर महिना उजाडतो तो बालयेशूच्या संत तेरेजाच्या सणाने. १ तारखेला तिचा सण, मग महिनाभर जपमाळेची भक्ती आणि महिन्याच्या अखेरीकडे मिशन रविवार. या तिन्हींचे एकमेकांशी नाते आहे. पण ते आपल्याला वाटते तितके सरळ नाही. एकटीने जपमाळ म्हणताना या संत स्त्रीचे मन मुळीच लागत नसे. आणि मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभा जिचा गौरव करते, ती तेरेजा कधीही कोणत्याही मिशन प्रदेशात गेली नाही.

आपल्या अनेकांच्या घरी तिचे चित्र असते. तपकिरी झगा, वर पांढरा अंगरखा, हातात क्रूस आणि गुलाबाची फुले. चेहरा असा गोड की वाटावे, या मुलीला जगात काही त्रास झालाच नसेल. मलाही लहानपणी तसेच वाटे. पुढे तिने स्वतः लिहिलेले आत्मचरित्र वाचनात आले आणि लक्षात आले की ही गोडी आयती मिळालेली नव्हती. ती रोज, थोडी थोडी करून आणि बरीच किंमत मोजून मिळवलेली होती.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसों या गावी झाला. वडील लुई मार्टिन हे घड्याळजी, तर आई झेली ही त्या गावच्या प्रसिद्ध लेस विणणारी. तिचा लेसचा स्वतःचा धंदा होता आणि हाताखाली कामाला बायका होत्या. या दांपत्याला एकूण नऊ मुले झाली. त्यांतली चार लहानपणीच देवाघरी गेली. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि शेंडेफळ तेरेजा अशा पाच मुली राहिल्या. आईवडील रोज पहाटेच्या साडेपाचच्या मिस्साला जात. लुई रविवारी दुकान उघडत नसत. रविवारी गिऱ्हाईक जास्त येते, दुकान बंद ठेवले तर नुकसान होईल, असे मित्र सांगत. पण त्यांनी ऐकले नाही. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतीपत्नीला एकत्रच संतपद बहाल केले. मला स्वतःला या घराचे अप्रूप वाटते ते या संतपदासाठी नाही, तर घड्याळे दुरुस्त करणाऱ्या आणि लेस विणणाऱ्या माणसांच्या घरात हे सारे घडले म्हणून.

तेरेजा साडेचार वर्षांची असताना, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, तिची आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. वडील पाचही मुलींना घेऊन लिझ्यू या गावी राहायला आले, कारण तेथे मुलींचे मामा होते. पोलीनला तेरेजाने आपली दुसरी आई मानले. पण १८८२ साली पोलीन लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली आणि नऊ वर्षांची तेरेजा दुसऱ्यांदा पोरकी झाली. ती इतकी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली. १३ मे १८८३ रोजी, पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी, खोलीतल्या पवित्र मरियेच्या मूर्तीकडे पाहत असताना माता आपल्याकडे पाहून हसली असे तिला दिसले आणि ती बरी झाली.

आजार गेला, हळवेपणा मात्र गेला नाही. कोणी जरासे बोलले की तिच्या डोळ्यांत पाणी येई. मग आपण रडलो याचे वाईट वाटून ती पुन्हा रडे. घरात सर्वांत धाकटी म्हणून सगळे तिला जपत आणि ती अधिकच कोमेजत जाई. असे मूल आपल्या घरातही असते, कधी कधी मोठ्या वयाचेही!

हे बदलले १८८६ च्या नाताळच्या रात्री. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी घरी आली होती. तिकडे मुले चुलीपाशी बूट ठेवत आणि त्यांत भेटवस्तू भरल्या जात. तेरेजा चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती, तरी तिचे बूट भरलेलेच होते. वडील दमलेले होते. हा पोरखेळ यंदा शेवटचाच म्हणून बरे, अशा अर्थाचे काहीतरी ते वैतागून बोलले आणि जिना चढत असलेल्या तेरेजाने ते ऐकले. सेलीनने ओळखले की आता अश्रूंचा पूर येणार. तिने तेरेजाला लगेच खाली न जाण्याची विनवणी केली. पण तेरेजाने डोळे पुसले, धडधडते काळीज आवरले आणि धावत खाली जाऊन हसत हसत एकेक वस्तू बुटातून काढून वडिलांना दाखवू लागली. वडीलही हसू लागले.

एवढीच गोष्ट. पण तेरेजा आयुष्यभर या रात्रीला आपले परिवर्तन म्हणत आली. कोणताही दिव्य आवाज तिने ऐकला नाही. दमलेल्या बापाचा सण आपल्यामुळे बिघडू नये एवढेच तिने पाहिले आणि ते आपल्याला जमले ते नुकत्याच जन्मलेल्या येशूच्या कृपेने, असे तिने मानले. नुकताच तिने मिस्सात ख्रिस्तशरीराचा स्वीकार केला होता, हेही ती आवर्जून सांगते.

पुढच्याच वर्षी तिने आपल्या पहिल्या पापी मुलाला जन्म दिला, असे ती म्हणे. हा मुलगा म्हणजे प्रान्झिनी नावाचा एक खुनी. पॅरिसमध्ये दोन स्त्रिया आणि एक लहान मुलगी अशा तिघींचा त्याने बळी घेतला होता. सारा देश त्याच्या नावाने बोटे मोडत होता. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, पण पश्चात्तापाचे चिन्ह दिसेना. तेरेजाने त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली, सेलीनच्या मदतीने मिस्सा अर्पण करवली आणि देवाकडे एका खुणेची मागणी केली. ३१ ऑगस्ट १८८७ रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. वडिलांनी मुलींना वर्तमानपत्र वाचण्यास मनाई केली होती. तरी तेरेजाने दुसऱ्या दिवशीचा अंक उघडला. प्रान्झिनीने पापनिवेदन केले नव्हते, पण अखेरच्या क्षणी त्याने धर्मगुरूंच्या हातातला क्रूस घेऊन तीनदा त्याचे चुंबन घेतले होते. तेरेजाला तिची खूण मिळाली. कधीही न पाहिलेल्या, साऱ्यांनी टाकलेल्या माणसाला आपला म्हणणे हे तिच्या प्रार्थनेचे वळण इथून सुरू झाले.

कार्मेल मठात जाण्यासाठी तिने केलेली खटपट सर्वांना ठाऊक आहे. वय कमी म्हणून मठाचे वरिष्ठ धर्मगुरू नाही म्हणाले, बिशपांनी निर्णय लांबणीवर टाकला. तेव्हा वडिलांबरोबर रोमच्या यात्रेला गेलेली ही मुलगी २० नोव्हेंबर १८८७ रोजी थेट पोप तेरावे लिओ यांच्या पायाशी बसली आणि पंधराव्या वर्षी मठात जाण्याची परवानगी मागू लागली. पोपमहोदयांनी सर्व काही देवाच्या इच्छेवर सोपवले. ती उठेना, तेव्हा रक्षकांनी तिला उचलून बाहेर नेले! अखेर ९ एप्रिल १८८८ रोजी ती मठात दाखल झाली.

आता खरी गोष्ट सुरू होते.

लिझ्यूच्या त्या मठात सुमारे पंचवीस धर्मभगिनी राहत. मठाचे दार एकदा बंद झाले की बाहेर जाणे नाही. त्याच पंचवीस जणी सकाळी प्रार्थनेला, त्याच जेवायला, त्याच धुण्याला, त्याच विरंगुळ्याच्या वेळी. आपल्याला निदान ऑफिसात सुट्टी असते, शेजाऱ्याशी पटले नाही तर दार लावून घेता येते. तिथे तीही सोय नव्हती. तेरेजाच्या दोन सख्ख्या बहिणी आधीच त्या मठात होत्या आणि पुढे १८९४ साली सेलीनही आली. पण विरंगुळ्याच्या वेळी बहिणींना चिकटून बसण्याऐवजी ती इतरांजवळ, विशेषतः ज्यांच्याशी बोलायला फारसे कोणी उत्सुक नसे त्यांच्याजवळ जाऊन बसे. बहिणींना याचे वाईटही वाटे.

पहिल्याच वर्षी घरून वाईट बातमी आली. वडिलांच्या मेंदूचा आजार बळावला आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ या शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. मुली एकामागून एक मठात गेल्या, विशेषतः लाडकी धाकटी गेली, म्हणून म्हाताऱ्याची ही दशा झाली असे गावात लोक बोलत. ते बोलणे मठाच्या भिंतीआडही पोहोचत होते. तेरेजा त्याला उत्तर देऊ शकत नव्हती आणि वडिलांना भेटायला जाऊही शकत नव्हती.

अशा वेळी प्रार्थनेत तरी तिला सांत्वन मिळत असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. कार्मेलच्या नियमाप्रमाणे रोज दोन तास मौन प्रार्थना असे. त्या वेळी तेरेजाला चक्क झोप येई. हे एकदोन दिवस नव्हे, कित्येक वर्षे चालले. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या आभारप्रार्थनेतही मन कोरडे राही. तिला याची खंत वाटायला हवी होती, पण तिने वेगळाच विचार केला. मूल जागे असो वा झोपलेले, आईबापाला ते सारखेच प्रिय असते. मग देवबापाने आपल्यावर का रागवावे? जपमाळेचे तर तिने स्पष्टच कबूल केले आहे की एकटीने माळ म्हणणे तिला शरीरदंडनाच्या साधनापेक्षाही जड जाई. कितीही ठरवले तरी रहस्यांवर चित्त टिकत नसे. ज्या मातेने आपल्याला आजारातून उठवले, तिची माळ आपल्याला म्हणवत नाही म्हणून ती कितीतरी दिवस लाजत राहिली. शेवटी तिने मनाची समजूत घातली की आई आपली इच्छा पाहते. मन अगदीच सुकून गेले की ती एकच ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ आणि एकच ‘नमो मरिये’ अगदी सावकाश म्हणे आणि त्यात तिला पोषण मिळे. माळ मात्र तिने सोडली नाही.

सामुदायिक उपासनेची तिला मनापासून आवड होती. प्रार्थनागृहात सर्वांबरोबर स्तोत्रे म्हणणे, आपली पाळी आली की उभे राहून वाचन करणे, यात तिला आनंद वाटे. वेदीची तयारी करण्याचे काम तिच्याकडे असताना मिस्साची पवित्र भांडी ती विलक्षण आदराने हाताळी. त्या काळी धर्मभगिनींनाही रोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मुभा नव्हती. १८९१-९२ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाची साथ मठात शिरली, काही भगिनी दगावल्या आणि जवळजवळ सगळ्या अंथरुणाला खिळल्या. धडधाकट राहिलेल्या तिघींपैकी तेरेजा एक होती. तिचा एकोणिसावा वाढदिवस आला तो एका भगिनीच्या मरणाच्या दिवशी. आजाऱ्यांची सेवा, मेलेल्यांची तयारी, वेदीचे काम सारे तिने केले आणि त्या धामधुमीच्या दिवसांत तिला रोज ख्रिस्तशरीर मिळाले. ते सुख ती विसरली नाही.

आता तिच्या शेजारणींकडे वळू.

संध्याकाळच्या मौन प्रार्थनेत तिच्या मागच्या बाजूला एक भगिनी बसत असे. ती सतत कसला तरी बारीक आवाज करी, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. तेरेजाचे कान तिखट होते. तो आवाज तिच्या डोक्यात जाई. मागे वळून एक नजर टाकली असती तरी त्या भगिनीला कळले असते, पण तेरेजा वळली नाही. ती घामाघूम होऊन बसून राही. आवाज ऐकू येऊ नये म्हणून धडपडण्यात अर्थ नाही हे कळल्यावर तिने उलट केले. ती तो आवाज लक्ष देऊन ऐकू लागली आणि जणू सुंदर संगीत असावे तसा तो येशूला अर्पण करू लागली. तेवढीच तिची त्या दिवसाची प्रार्थना! आपल्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकावर कोणाचा तरी मोबाईल वाजतो तेव्हा आपली मान किती चटकन वळते, हे मी माझ्यापुरते तरी जाणतो.

कपडे धुण्याच्या जागी समोरची भगिनी रुमाल आपटताना दरवेळी घाण पाण्याचे शिंतोडे तेरेजाच्या तोंडावर उडवी. मागे सरून तोंड पुसण्याचा मोह तिने आवरला. काही वेळाने तिला त्या शिंतोड्यांची गंमतच वाटू लागली.

सिस्टर सेंट पिएर ही वृद्ध भगिनी संधिवाताने वाकलेली आणि स्वभावाने कडक होती. रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना तिला प्रार्थनागृहातून भोजनगृहात न्यावे लागे. तेरेजा नवी होती. म्हातारीला कोणी खूश करू शकत नाही हे तिला माहीत होते, तरी तिने हे काम मागून घेतले. म्हातारीने हातातले वाळूचे घड्याळ हलवले की निघायची वेळ झाली. बाक ठराविक तऱ्हेनेच हलवायचा, घाई करायची नाही, मागून कमरपट्टा धरून चालायचे. जरा भरभर चालले की पडेन म्हणून ओरडा, हळू चालले की तुझा हात लागत नाही म्हणून ओरडा. इतक्या लहान मुलीला हे काम जमणार नाही, ही तक्रार वेगळीच. भोजनगृहात नेऊन बसवायचे, बाह्या सारख्या करून द्यायच्या. एक दिवस तेरेजाच्या लक्षात आले की वाकड्या बोटांनी तिला पाव कापता येत नाही. मग रोज पाव कापून दिल्याशिवाय ती तेथून हलेना. निघताना ती म्हातारीकडे पाहून छान हसे. पुढे त्या म्हातारीने इतर कशाचेही नाही, त्या हसण्याचे कौतुक केले.

एका कडाक्याच्या थंडीच्या संध्याकाळी तेरेजा म्हातारीला घेऊन चालली असताना दुरून वाद्यांचे सूर ऐकू आले. झगमगता दिवाणखाना, नटूनथटून बसलेल्या तरुणी, गोड बोलणी, असे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आणि इकडे अंधारा व्हरांडा, हाताशी कण्हणारी म्हातारी. ती लिहिते की जगातल्या हजार वर्षांच्या मेजवान्यांसाठीही ती दहा मिनिटे आपण दिली नसती. हे लिहिणारी जेमतेम चोवीस वर्षांची होती.

पण ती सगळे सहन करणारी निर्जीव मूर्ती होती असे कोणी समजू नये. एकदा मठप्रमुख मदर मारी द गोन्झाग आजारी असताना तेरेजा त्यांच्या खोलीपाशी किल्ल्या परत द्यायला गेली. दुसऱ्या एका भगिनीला वाटले की ही आता मदरना जागे करणार. ती किल्ल्या हिसकू लागली. दारात झटापट झाली, आवाज झाला आणि मदर जाग्या झाल्या. मग त्या भगिनीने सारा दोष तेरेजावर ढकलला! तेरेजाला आपली बाजू मांडायची इतकी ऊर्मी आली की तोंड उघडले तर मनाची शांती जाणार हे तिने ओळखले. म्हणून ती सरळ पळून गेली. काळीज इतके धडधडत होते की तिला लांब जाववेना. जिन्याच्या पायरीवर बसून ती आपल्या विजयाचा आस्वाद घेत राहिली. लढाई जिंकता येत नसेल तर पळ काढावा, ही तिची युक्ती होती आणि ती तिने पुष्कळदा वापरली. खरा अन्याय होत असताना गप्प बसणे हा सद्गुण नव्हे, हे आपण जाणतोच. पण किल्ल्यांवरून होणारी भांडणे आपल्या घरांत आणि संघटनांत किती असतात!

याच मदर मारी द गोन्झाग लहरी होत्या. सुरुवातीला त्या तेरेजाला फार कठोरपणे वागवत. १८९६ च्या मठप्रमुखांच्या निवडणुकीत त्या सातव्या फेरीत कशाबशा निवडून आल्या आणि आपल्या भगिनींना आपण नको आहोत हे कळून मनातून खचल्या. तेव्हा त्यांची समजूत काढणारे एक लांब, मायेचे पत्र तेरेजानेच लिहिले.

आणि एक भगिनी अशी होती की जिचे सर्व काही तेरेजाला नकोसे वाटे. तिचे बोलणे, तिच्या सवयी, तिचा स्वभाव, सारेच. देवाला ही भगिनी नक्कीच प्रिय असणार, मग मला का नसावी, असे म्हणून तेरेजाने निश्चय केला की ज्या व्यक्तीवर आपले सर्वांत जास्त प्रेम असते तिच्याशी जसे वागू, तसे हिच्याशी वागायचे. ती भेटली की तेरेजा तिच्यासाठी प्रार्थना करी, होईल ती मदत करी, उलट बोलावेसे वाटले की हसून विषय बदली. अगदीच असह्य झाले की वर सांगितलेली युक्ती, म्हणजे पलायन! एक दिवस त्या भगिनीने मोठ्या आनंदाने तिला विचारले की माझ्यात तुला असे काय आवडते म्हणून तू मला पाहून दरवेळी हसतेस? तेरेजाने तुला पाहून मला आनंद होतो असे उत्तर दिले आणि तो आनंद आत्मिक अर्थाने, हे मनातल्या मनात जोडले. तिला त्या भगिनीत दडलेला येशू दिसत होता.

शेजारणींना सांभाळत असतानाच तिच्या पदरात दोन भाऊही आले. बेलिएर हा गुरुविद्यार्थी आणि रुलाँ हे चीनला निघालेले मिशनरी धर्मगुरू, या दोघांसाठी प्रार्थना करण्याचे काम तिच्यावर सोपवण्यात आले. तिने त्यांना पत्रे लिहिली. तिची स्वतःची इच्छा व्हिएतनाममधल्या कार्मेल मठात जाण्याची होती, ती आजाराने राहून गेली. शेवटच्या दिवसांत थोडे चालावे असे तिला सांगण्यात आले होते. बागेत एकेक पाऊल ओढत चालताना पाहून एका भगिनीने तिला बसायला सुचवले, तेव्हा दूरदेशी दमलेल्या एखाद्या मिशनऱ्यासाठी आपण ही पावले अर्पण करत आहोत, असे तिने सांगितले.

१८९६ च्या पवित्र गुरुवारी मध्यरात्री ती खोलीत जाऊन पडते न पडते तोच घशाशी काहीतरी उसळून आले. दिवा विझवलेला होता. तो पुन्हा लावून पाहण्याऐवजी ती सकाळपर्यंत थांबली. उजेडात रुमालावर रक्त दिसले. क्षयरोगाची ती सुरुवात होती. याहून मोठा घाला त्यानंतरच्या पुनरुत्थान सणाच्या दिवसांत पडला. स्वर्गाचा विचार, जो लहानपणापासून तिचा सगळ्यात गोड विचार होता, तो एकाएकी अंधारात गेला. मेल्यानंतर काहीच नाही, असा आवाज आतून येऊ लागला. हा अंधार मरेपर्यंत, जवळजवळ दीड वर्ष टिकला.

या काळात ती स्वर्गाविषयी कविता लिहीत होती आणि ऐकणाऱ्यांना वाटे की हिला आताच स्वर्ग दिसतो आहे. तिने धर्ममताची प्रार्थना स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी ठेवली. आयुष्यभरात केली नव्हती इतकी श्रद्धेची कबुली आपण या एका वर्षात दिली, असे ती सांगते. ज्यांची श्रद्धा हरवली आहे त्यांना तिने दुरून बोल लावले नाहीत. आपण त्यांच्याच मेजावर बसून त्यांचीच कडू भाकर खात आहोत, असे मानून ती सर्वांच्या वतीने देवाकडे क्षमा मागू लागली. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या घरातल्या एका आजारपणात मला प्रार्थना करवेना, तेव्हा माझ्या हाती हे पान आले होते. मला उत्तर मिळाले नाही, सोबत मिळाली.

जुलै १८९७ मध्ये तिला आजाऱ्यांच्या खोलीत हलवले. १९ ऑगस्टला तिने शेवटचे ख्रिस्तशरीर घेतले. त्यानंतर आजाराने तेही अशक्य केले. वेदना अशा होत्या की श्रद्धा नसती तर आपण टिकलो नसतो, हे तिने बहिणीजवळ न लपवता कबूल केले. याच सुमारास एक भगिनी दुसरीजवळ बोलून गेली की तेरेजाच्या मरणानंतर मदर तिच्याबद्दल काय लिहिणार, तिने तर सांगण्यासारखे काहीच केले नाही. हे तेरेजाच्या कानी आले आणि तिला समाधान वाटले.

३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी ती देवाघरी गेली. वय २४ वर्षे.

बरोबर वर्षाने तिचे आत्मचरित्र छापले गेले, अवघ्या दोन हजार प्रती. त्यानंतर ते जगातल्या कितीतरी भाषांत पोहोचले. १७ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संत म्हणून घोषित केले आणि १९२७ साली ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती केले. एक साऱ्या आशियाभर समुद्र ओलांडत फिरला, दुसरी नऊ वर्षे एका भिंतीच्या आत राहिली. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी व्रत घेताना नाव घेतले ते हिचेच. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवले. हा मान मिळालेली ती तिसरी स्त्री.

संतपदासाठी चौकशी सुरू झाली तेव्हा मठातल्या भगिनींच्या साक्षी घेण्यात आल्या. जिचे सर्व काही तेरेजाला नकोसे वाटत असे, ती भगिनीही साक्षीला आली. तेरेजाशी आपली किती जवळीक होती हे तिने सांगितले आणि त्या मैत्रीच्या आठवणीही तिने लिहून ठेवल्या आहेत.